वईच्या आडोशाने : आयर्लंडच्या जुन्या शाळांमागे पाच दिवस

दिवस पहिला : डब्लिन ते रॉस मुक

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढल्यावर एक खोड जडते. कुठल्याही गावात पाऊल टाकलं की देऊळ, बाजार, एसटी स्टँड यांच्या आधी डोळे शाळा शोधतात. कौलं की पत्रा, खिडक्या किती, पट किती असेल. लेक म्हणते, "आई, तू रिटायर झालीस, आता सोड ना ते." सुटत नाही.

लेकीकडे डब्लिनला आले त्याला तीन आठवडे झाले होते. नात तिथल्या शाळेत तिसरीत. एका संध्याकाळी तिचा आयरिशचा गृहपाठ चालला होता आणि ती सारखं "मूनचोर, मूनचोर" म्हणत होती. मी विचारलं, कोण गं चोर? तर कळलं की आयरिशमध्ये शिक्षकाला 'मूनचोर' म्हणतात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला लोक बरंच काही म्हणाले असतील, पण हे नवीन होतं. मग मी खोदत बसले. घरात डब्लिनची इंग्रजी, शाळेत ही आयरिश, मग खेड्यातल्या जुन्या शाळांत कुठली भाषा होती? ईस्टरची दोन आठवडे सुट्टी लागली आणि जावई म्हणाले, "आई, यंदा तुम्ही सांगाल तिकडे जाऊ." मी म्हटलं, जुन्या शाळा दाखवा. नातीचा चेहरा बघण्यासारखा झाला. सुट्टीत शाळा!

डब्लिन ते गॉलवे दोनशेच्या वर किलोमीटर, रस्ता सरळ आणि गुळगुळीत, सांगण्यासारखं काही नाही. गॉलवे सोडून समुद्राच्या कडेने पश्चिमेला वळल्यावर मात्र पाट्यांवरची इंग्रजी नाहीशी झाली. हा गेलटाख्ट, म्हणजे अजूनही आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूख. दोन्ही बाजूंना चुना-माती न लावता रचलेले दगडी बांध. आमच्या रत्नागिरीकडे यांना गडगे म्हणतात. हुबेहूब तसेच, फक्त आत काजू-आंब्याऐवजी मेंढ्या. आणि मधूनच काळी, ओली दलदल. तिच्यातून मातीच्या विटा कापतात, उन्हात वाळवतात आणि चुलीत जाळतात. याला टर्फ म्हणतात. आपल्या गोवऱ्यांचं काम इथे जमीनच करते. या टर्फचा शाळेशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

रॉस मुकला पॅट्रिक पिअर्सचं झोपडीवजा घर आहे. पांढरा चुना, गवताचं छप्पर, खाली तळं, पलीकडे ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर. पिअर्स इंग्रजांच्या सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावाचा पुढारी म्हणून माहीत असतो, पण तो आधी मास्तर होता. १९०८ साली त्याने डब्लिनमध्ये स्वतःची शाळा काढली, आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांतून शिकवणारी. उन्हाळ्यात पोरांना इथे घेऊन यायचा. इंग्रजांनी घडवलेल्या शिक्षणपद्धतीला त्याने एका पुस्तिकेत 'खुनी यंत्र' म्हटलं आहे. मला हा माणूस आवडला तो मात्र वेगळ्याच गोष्टीने. १९१३ साली डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात त्याच्या शाळेच्या मदतीसाठी रवींद्रनाथांचं 'डाकघर' झालं, आणि त्याच खेळाला त्याच्या मुलांनी मास्तरांनीच लिहिलेलं नाटक केलं. शाळेसाठी वर्गणी जमवायला गॅदरिंग! ३ मे १९१६ ला त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या आदल्याच महिन्यात बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली होती, नाव थेट आयर्लंडहून आणलेलं. हे घर १९२१ मध्ये इंग्रजांच्या पोलिसांनी जाळलं, आज आहे ते पुन्हा उभारलेलं.

रात्री मुक्कामाच्या घरी मी नातीला काठीची गोष्ट सांगितली. ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड डोळ्या-कानांचे डॉक्टर होते आणि लोकांच्या समजुती गोळा करत हिंडायचे. १८५२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी पश्चिमेकडच्या एका घरातला प्रसंग लिहिला आहे. लहान मूल आत आलं आणि आयरिशमध्ये काहीतरी बोललं. बाप काही बोलला नाही. त्याने मुलाला जवळ घेतलं, त्याच्या कपड्यातून गळ्यात दोरीने अडकवलेली एक छोटी काठी बाहेर काढली आणि खिशातल्या चाकूने तिच्यावर एक खाच पाडली. चौकशी केल्यावर कळलं की मुलाने आयरिश बोलू नये म्हणून ही व्यवस्था. ठरावीक खाचा भरल्या की शाळेत मास्तर हिशेब चुकता करणार.

नात म्हणाली, "आजी, पण बाबाला तर आयरिशच येत असणार ना? मग तो त्याच्याशी बोलायचा कसा?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या काठीबद्दल इथे कोणाशीही बोला, लोक मास्तरांना शिव्या देतात, सरकारला देतात. चाकू बापाच्या हातात होता, तिथे आवाज जरा खाली येतो.

दिवस दुसरा : फीकल आणि बनरॅटी

सकाळी गॉलवेहून दक्षिणेला, क्लेअर परगण्यात. पाऊस आमच्या आधी पोचलेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं नुसती पेटली होती. लेक म्हणाली, "हेच ते हेज." म्हणजे आमची वई. कोकणात काट्याकुट्यांच्या कुंपणाला वई म्हणतात. मला एवढ्या दिवसांत 'हेज स्कूल'ला मराठी शब्द सापडत नव्हता, तो गाडीच्या खिडकीतून सापडला. वईआडची शाळा.

ही काय भानगड ते थोडं सविस्तर सांगते. १६९५ साली प्रॉटेस्टंट राज्यकर्त्यांनी कायदा केला की कॅथलिक माणसाने शाळा चालवायची नाही, शिकवायचं नाही, आणि मुलांना शिकायला परदेशीही पाठवायचं नाही. देशातली बहुसंख्य प्रजा कॅथलिक. बंदी सैल झाली ती १७८२ मध्ये. मधल्या काळात मास्तर कुंपणाच्या उन्हाच्या बाजूला, दगडाच्या आडोशाला, पडक्या गोठ्यात पोरं घेऊन बसायचा आणि एकाला पहाऱ्याला उभं करायचा. सुरुवातीची धास्ती ओसरल्यावर बहुतेक शाळा गोठ्यात आणि मातीच्या खोपटांत भरू लागल्या, नाव मात्र वईचंच राहिलं. फी तिमाहीची, काही पेन्स. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने टर्फ द्यायचं, लोणी द्यायचं, अंडी द्यायची. मास्तर आज या घरी जेवायचा, उद्या त्या घरी झोपायचा. आमच्या खेड्यांतल्या जुन्या पंतोजींचं वेगळं काय होतं?

आणि शिकवायचे काय? वाचन, लेखन, हिशेब हे तर होतंच. व्होस्टर नावाच्या माणसाचं गणिताचं पुस्तक घरोघर होतं. पण काही मास्तर जमीनमोजणी शिकवायचे, जमाखर्च शिकवायचे आणि केरीसारख्या भागात चक्क लॅटिन. अनवाणी पोरांना लॅटिन! यात अतिशयोक्ती किती आणि खरं किती यावर तिथल्या अभ्यासकांत वाद आहेत. सगळे मास्तर विद्वान नव्हते हेही उघड आहे. काही बेवडे होते. पण १८२४ च्या सुमाराला सरकारनेच चौकशी केली तेव्हा फीवर चालणाऱ्या अशा शाळा नऊ हजारांच्या वर निघाल्या. म्हणजे सरकारचा एक पैसा नसताना, उपाशीतापाशी शेतकऱ्यांनी आपल्या खिशातून एवढ्या शाळा चालवल्या होत्या. ही गोष्ट मला लॅटिनपेक्षा मोठी वाटते.

फीकल हे गाव पाहायचं कारण ब्रायन मेरिमन. १७८० मध्ये त्याने हजाराहून जास्त ओळींचं एक आयरिश काव्य लिहिलं, 'मध्यरात्रीचा दरबार'. त्यात बायका पुरुषांवर खटला भरतात, आणि काय काय बोलतात ते नातीसमोर सांगता येणार नाही. हा कवी या भागात वईआडचा मास्तर होता, थोडी शेती करायचा, आणि अंबाडीसारखं फ्लॅक्स नावाचं पीक चांगलं काढलं म्हणून त्याला सूत कातायचे दोन चरखे बक्षीस मिळाले होते. १८०५ मध्ये लिमरिकमध्ये वारला तेव्हा वर्तमानपत्रात बातमी आली ती 'गणिताचे शिक्षक' वारल्याची. कवितेचा उल्लेखसुद्धा नाही. फीकलच्या कब्रस्तानात आम्ही पावसात दहा मिनिटं उभे राहिलो. जावई म्हणाले, "आई, आपल्याकडे पण कवी मास्तरच असतात ना जास्त?" असतात. दुसरी कुठली नोकरी त्यांना सहन करणार!

दुपारी बनरॅटीला. किल्ल्याशेजारी जुन्या आयर्लंडचं एक गावच उभं केलं आहे. ठिकठिकाणची घरं हलवून आणली आहेत. त्यातलं पहिलं घर तर शॅनन विमानतळाची धावपट्टी वाढवताना आडवं आलं म्हणून वाचवलेलं. शाळेची इमारत क्लेअरमधल्याच बेल्व्हर गावची. आत शिरले आणि मला वास आला. शाळेचा वास. जुनं लाकूड, धूर, ओलसर भिंत. लांब बाकं, त्यांना शाईच्या दौतींसाठी पाडलेली गोल भोकं, मास्तरांच्या बाजूला शेकोटी. मी एका बाकावर बसले. गुडघे अडकले. उठताना लेकीने हात दिला.

ही दुसरी पिढी, नॅशनल स्कूलची. १८३१ मध्ये एडवर्ड स्टॅनली या चीफ सेक्रेटरीने, म्हणजे आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज मंत्र्याने, एका पत्राने आयर्लंडभर सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळांची पद्धत सुरू केली. खुद्द इंग्लंडात असा कायदा यायला १८७० उजाडलं. प्रयोग आधी वसाहतीत. आपल्याकडे मेकॉलेचा खलिता १८३५ चा, चारच वर्षं पुढे. बांधकामाचे दोन भाग सरकार देणार, एक भाग आणि जागा गावाने द्यायची. कल्पना अशी की कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलं एका बाकावर बसतील. अभ्यास एकत्र, धर्माचं शिक्षण वेगळ्या वेळी. त्यासाठी भिंतीवर एक पाटी असायची. एका बाजूला 'धार्मिक शिक्षण', दुसऱ्या बाजूला 'लौकिक शिक्षण'. तास बदलला की पाटी उलटायची आणि लौकिक तासाला क्रूस, मूर्ती नजरेआड ठेवायच्या. मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. खुर्चीवर चढून पाटी फिरवणारा मॉनिटर आणि सत्तर पोरांना कळणारा एकच फरक, की आता देव नाही. पाटी फिरत राहिली, पण फार वर्षं जायच्या आत बहुतेक शाळा ज्या त्या पंथाच्या झाल्या. गावचा धर्मगुरू शाळेचा मॅनेजर. मास्तरांना नेमणारा तोच, काढणाराही तोच.

माध्यम इंग्रजी. ज्या मुलाला घरी इंग्रजीचा एक शब्द ऐकायला मिळत नाही त्यालाही पहिल्या दिवसापासून इंग्रजी. पाठ्यपुस्तकं इतकी स्वस्त आणि नेटकी होती की इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत विकली गेली. त्या पुस्तकांतून आयर्लंड मात्र जवळजवळ गायब.

कित्त्याची एक गंमत. व्हेअर फॉस्टर नावाच्या दानशूर माणसाने १८६५ पासून अक्षर वळणदार करण्याच्या वह्या काढल्या. वर छापील सुभाषित, खाली मुलाने ते ओळीमागून ओळ गिरवायचं. तेच आपलं कित्ता गिरवणं. याच माणसाला पुढे प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने आपला पहिला अध्यक्ष केलं. संघटना १८६८ ची. संघटनेची गरज किती होती ते चारच वर्षांत दिसलं.

१८७२ पासून 'निकालावर पगार' ही पद्धत आली. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येणार, एकेका मुलाला वाचायला, लिहायला, गणित करायला लावणार, आणि जितकी मुलं पास तितके पैसे मास्तरांच्या पदरात पडणार. मूळ पगार तुटपुंजा. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या दुसऱ्या शाळेवर तपासणी होती तेव्हा आम्ही दोघींनी रात्री कंदील लावून तक्ते रंगवले होते आणि एका अडखळणाऱ्या पोराला मी सांगितलं होतं, उद्या नाही आलास तरी चालेल. त्याचं नाव मला अजून आठवतं, लिहीत नाही. माझा पगार तर त्याच्यावर अडलेलाही नव्हता. मग ज्यांचा अडला होता त्यांनी काय काय केलं असेल? पोपट केले मुलांचे. न समजता धडेच्या धडे पाठ. ही पद्धत शतक संपेपर्यंत चालली.

बाहेर पडताना नातीने फळ्यावर खडूने काहीतरी लिहिलं आणि पुसलं. काय लिहिलंस विचारलं, सांगितलं नाही.

दिवस तिसरा : डिंगलच्या वाटेवर

दिवस प्रवासाचाच. लिमरिक, ट्रली, डिंगल. ट्रलीच्या पुढे फोनमधल्या नकाशाने आम्हाला एका शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन सोडलं. त्याने शांतपणे कुत्र्याला आवरलं आणि म्हणाला, या आठवड्यातले तुम्ही तिसरे.

केरी परगणा डॅनियल ओकॉनेलचा. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायचा हक्क मिळवून देणारा हा मोठा माणूस स्वतः उत्तम आयरिश बोलायचा. पण १८३३ मध्ये तो म्हणाला की इंग्रजीचा व्यवहारातला उपयोग इतका मोठा आहे की आयरिश हळूहळू मागे पडली तरी आपल्याला हळहळ नाही. गावातला शेतकरी यापेक्षा वेगळा विचार का करेल? मग १८४५ चा बटाट्याचा दुष्काळ. दहा लाख मेले, त्याहून जास्त बोटीत बसून गेले. जे राहिले त्यांचं घर अमेरिकेहून येणाऱ्या पत्रावर आणि त्यातल्या पैशांवर चालू लागलं. आमच्याकडे मुंबईची मनीऑर्डर होती, तशी. मनीऑर्डरीचा फॉर्म मी कितीतरी म्हाताऱ्यांना वाचून दाखवला आहे, म्हणून मला हे चित्र अगदी जवळचं वाटतं. मुलगा बॉस्टनला जाणार असेल तर त्याला आयरिश येऊन काय उपयोग?

दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत. १८४१ मध्ये पाच वर्षांवरच्या शंभरांपैकी त्रेपन्न लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, १९११ मध्ये फक्त बारांना. आणि आयरिश बोलणारे १८५१ मध्ये पंधरा लाखांच्या वर, १८९१ मध्ये सुमारे सहा लाख ऐंशी हजार. मास्तरीण म्हणून मला पहिल्या आकड्याचा अभिमान वाटतो. दुसरा त्याच्याच शेजारी आहे, खोडता येत नाही.

रात्री डिंगलला मासे खाल्ले. भात नव्हता. बटाटे तीन प्रकारचे होते.

दिवस चौथा : डून खीन

आजचा बेत ग्रेट ब्लास्केट बेटावर जायचा. डून खीनचा धक्का म्हणजे कड्यातून खाली उतरणारी नागमोडी अरुंद वाट आणि तळाला चवताळलेलं पाणी. वर एक माणूस रेनकोट घालून उभा होता. आम्ही काही विचारायच्या आत त्याने मान हलवली. बोट नाही. उद्या? त्याने समुद्राकडे पाहिलं, जसं काही तोच ठरवणार आहे.

मग जवळची 'जुनी शाळा' पाहायला गेलो. कड्यावर, समुद्राकडे तोंड करून, दगडी, बिनछपराची. इतकी सुंदर जागा की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी भिंतीला हात लावून नातीला सांगायला लागले, बघ, इथे मुलं बसत असतील. जावयांनी फोनवर काहीतरी वाचलं आणि खाकरले. "आई, ही शाळा नाहीये." १९६९ साली इथे एका मोठ्या सिनेमाचं शूटिंग झालं, त्यासाठी बांधलेला हा सेट. सिनेमाचं गाव नंतर पाडलं, शाळा तेवढी राहिली. इथे एकाही मुलाने एकही धडा वाचलेला नाही. माझे अश्रू फुकट गेले.

पण खरी मजा पुढे आहे. सिनेमाची शाळा उभी राहिली आणि लगेच १९७० मध्ये सरकारने डून खीनची खरी शाळा बंद केली. पट कमी! त्या वर्षांत सगळीकडेच एक आणि दोन शिक्षकी शाळा मिटवून मोठ्या गावच्या शाळेत मुलं न्यायचं धोरण होतं. डून खीनच्या पालकांनी मुलं दुसऱ्या गावी पाठवायला नकार दिला, शाळा स्वतः चालू ठेवली, आणि १९७३ मध्ये सरकार बदलल्यावर ती पुन्हा रीतसर सुरू झाली. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचं काय करायचं, ही चर्चा महाराष्ट्रात मी सेवेत असल्यापासून ऐकते आहे. तीन वर्षं हट्टाने शाळा चालवणारं गाव मात्र मी पाहिलेलं नाही. पालक आमच्याकडे येऊन म्हणायचे, बाई, तुम्ही चांगलं शिकवता, पण खाली इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी येते.

मुक्कामाच्या घरची मालकीण सत्तरीच्या पुढची. मी निवृत्त शिक्षिका आहे कळल्यावर तिने चहाची किटली मध्ये ठेवली आणि समोर बसली. लेक दुभाषी. ती शाळेत जायची तेव्हा प्रत्येक मुलाने हिवाळ्यात काखेत टर्फची एक वीट आणायची. ज्याने आणली नाही त्याला शेकोटीपासून लांब बसवायचे. म्हणजे ज्याच्या घरी सरपण नाही तोच कुडकुडणार. "आणि शेकोटीपुढे पाठ करून कोण उभं राहायचं?" तिने विचारलं आणि माझ्याकडे बोट दाखवून हसली. मास्तर! मे महिना लागला की बूट काढायचे ते थेट थंडी पडेपर्यंत. बटाटे काढायच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा, १९२६ चा सक्तीचा कायदा सहा ते चौदा वयाच्या सगळ्यांना शाळेत घालत असला तरी. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत हजेरीपट असाच ओस पडायचा, आणि मीही काही वेळा त्या दिवसांत जरा ढिला हात ठेवून 'उ' मांडली आहे.

छडीचं तिने हातवारे करून सांगितलं. तळहात, मग बोटांची पेरं. "पाढे चुकले म्हणून नाही, उत्तर माहीत असून घाबरले म्हणून." आयर्लंडात शाळेतली मारझोड १९८२ मध्ये बंद झाली. मी गप्प बसले होते. मीही छडी वापरली आहे, पहिली दहा-बारा वर्षं. लेकीने भाषांतर थांबवून माझ्याकडे पाहिलं.

तिच्या बोलण्यातला आनंदाचा भाग एकच होता, बस. १९६६ मध्ये शिक्षणमंत्री डोनो ओमॅली यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करायची घोषणा केली, आणि १९६७ पासून खेड्यातल्या मुलांना न्यायला मोफत बस सुरू झाल्या. तिच्या थोरल्या बहिणी चौदाव्या वर्षी घरकामाला लागल्या, ती बसमध्ये चढली. "पाच मैलांचा फरक," ती म्हणाली, "बाकी आम्ही सारख्याच होतो."

जाता जाता तिने आम्हाला एक वाक्य म्हणून दाखवलं आणि नात खो-खो हसत तेच म्हणायला लागली : "ॲन विल क्याद अगम दुल गो जी ॲन लेहरस?" म्हणजे, मला बाथरूमला जायची परवानगी आहे का? १७ मार्च १९२२ पासून स्वतंत्र सरकारने सगळ्या प्राथमिक शाळांत रोज निदान तासभर आयरिश आणली. काठीचा हिशेब उलटा झाला. पण शाळेच्या तासात परत आणलेली भाषा कित्येकांच्या तोंडात एवढ्याच वाक्यापुरती राहिली. सत्तरीतली ही बाई घरीही आयरिशच बोलते. माझी नात डब्लिनची. दोघींना हे एक वाक्य समान.

दिवस पाचवा : पुन्हा धक्क्यावर

सकाळी पुन्हा धक्क्यावर. रेनकोटवाला म्हणाला, अकरापर्यंत थांबा, सांगतो. बेट समोर होतं, अगदी हाताच्या अंतरावर वाटावं असं. १९५३ मध्ये शेवटची माणसं तिथून हलवली. शेवटच्या वर्षांत त्या बेटावर एकच मूल उरलं होतं.

याच बेटावर तोमास ओ क्रिहन राहायचा. कोळी, शेतकरी. बेटावरच्या शाळेत तो इंग्रजी वाचायला शिकला. स्वतःची भाषा, जी तो दिवसभर बोलायचा, ती वाचायला त्याला चाळिशी गाठावी लागली. त्याची गंमत अशी की तो कामाने इकडे, डून खीनला यायचा, समुद्र खवळला की अडकायचा आणि ओळखीच्या घरी राहायचा. तोपर्यंत डून खीनच्या शाळेत आयरिश शिकवायला सुरुवात झाली होती. त्या घरची मुलं पुस्तकातल्या गोष्टी त्याला वाचून दाखवायची. त्याला गोडी लागली, मग त्याने पुस्तक मागून घेतलं. १९२९ मध्ये त्याचं आत्मचरित्र छापून आलं, आणि पुढे ते शाळांतही वाचलं गेलं. एवढं सगळं घडलं ते बोट नव्हती म्हणून.

आम्हालाही बोट नव्हतीच. गाडीच्या काचांवर पाऊस. लेकीने फोनवर डूखस नावाचं संकेतस्थळ उघडून दिलं. १९३७ ते १९३९ या काळात लोकसाहित्य मंडळाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या, वरच्या वर्गातल्या पन्नास हजार मुलांना एक काम लावलं होतं. घरी जा, आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. भुतं, औषधं, सण, खेळ, हवामानाच्या खुणा. दिलेल्या विषयांत एक विषय वईआडच्या शाळांचाही होता. ती पानं तशीच्या तशी, मुलांच्या हस्ताक्षरात पाहायला मिळतात. आम्ही दोघी पाहत बसलो. टाकाच्या शाईचे ठिपके, जपून वळवलेली अक्षरं, काही आयरिशमध्ये, बरीचशी इंग्रजीत. बसायला दगड, नाहीतर गवताच्या दोरीची चुंबळ. मास्तर आज या घरी, उद्या त्या घरी. आणि कितीतरी पानांच्या तळाला सांगणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव, वय आणि गाव.

नात बराच वेळ वाचत होती. मग तिने पिशवीतून आपली वही काढली, फोनमधल्या पानावर होतं तसं वर शीर्षक लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "आजी, तुझी शाळा कशी होती? सांग."

मी सांगायला लागले. आमच्या वाडीत शाळेला इमारत नव्हती. पहिली-दुसरी देवळाच्या ओवरीत भरायची. पावसाळ्यात वाऱ्याने झड आत यायची म्हणून गुरुजी वाडीतून कुडं आणून लावायचे. पाटी पुसायला फडकं नसेल तर... मी मराठीत सांगत होते, ती भराभर इंग्रजीत लिहीत होती. मध्येच तिचं पेन थांबलं.

"ओवरी म्हणजे?"

मी देऊळ कसं असतं, गाभारा कुठे, सभामंडप कुठे, कडेने खांबांची ओळ कशी, सगळं हाताने दाखवलं. जावयांनी दोन इंग्रजी शब्द सुचवले, दोन्ही तिला पटले नाहीत. मलाही. बाहेर रेनकोटवाल्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, म्हणजे आजही बोट नाही, आणि लेकीने गाडी सुरू केली.

नातीने ओळीत तेवढी जागा मोकळी सोडली आणि वही माझ्या मांडीवर सरकवली. "तू लिही."